लाभ, दोन, तीन

जळगावच्या समूहगान स्पर्धेत पहिला नंबर आला असता तर प्रमिलाबाईंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. एक ढाल, जी वर्षभराने परत करायची होती. एक प्रमाणपत्र. वर्तमानपत्रात नाव, तेही बहुतेक चुकीचं छापलेलं. यांतल्या कशावरही बाईंचा डोळा नव्हता. डोळा होता तो पत्रकाच्या शेवटच्या ओळीवर. ‘प्रथम आलेला संघ मार्चअखेर पुण्यास होणाऱ्या अंतिम फेरीत गाईल.’ स्पर्धा जानेवारीच्या अठराला. तिथून मार्चअखेर म्हणजे तालमीचे आणखी दहा आठवडे. रोज चार ते सहा, धुळ्याच्या पाचव्या गल्लीत, बाईंच्याच घरात.

कोणी देवासाठी गाणं शिकतं, कोणी लग्न जमावं म्हणून शिकतं. प्रमिलाबाई चार ते सहासाठी शिकल्या. नवरा झुलाल जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा सुरतेला. त्याचं पत्र दर महिन्याला यायचं आणि दर महिन्याला तेच यायचं. सकाळ कामात जाते, दुपार झोपेत, संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की दिवस संपल्यासारखं करता येतं. चार ते सहाचं मात्र काही करता येत नाही. गल्लीतल्या बायका त्या वेळी आपापल्या माणसांच्या चहाला लागलेल्या असतात. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बाईंनी तोताराम गुरुजींच्या संगीत वर्गात नाव घातलं. मिठाईच्या दुकानावर एक खोली, आणि त्या खोलीत सतरा-अठरा वर्षांच्या मुली. या मुलींत बाई पहिल्या दिवशी अशा बसल्या की गुरुजींना वाटलं, कोणाची तरी आई फी भरायला आली आहे.

शहाऐंशीच्या नोव्हेंबरात जळगावच्या एका संगीत सभेचं पत्रक आलं. विद्यार्थी-संगीतकारांसाठी समूहगान स्पर्धा. चाल नवी हवी, ती विद्यार्थ्यानेच बांधलेली हवी, गायचीही त्याच्याच वर्गातल्यांनी. गुरुजींनी ते पत्रक उद्या नळ येणार नाही म्हणून सांगावं तसं वाचलं आणि बाजूला ठेवलं.

“आपल्याला जागा नाही. चारच्या बॅचला बाकीचे विद्यार्थीही आहेत, ती मी हलवू शकत नाही.”

“माझ्या घराला जागा आहे,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

लक्षात घ्या, माझ्याकडे चाल आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. चाल नव्हतीच. जागा होती, मग चालीचं बघू, असा तो व्यवहार होता.

चाल सापडली ती झुलालच्या तोंडात. झुलाल धान्यबाजारात मापाडी. पायलीने धान्य मोजायचं आणि मोजताना आकडा मोठ्याने म्हणायचा, हे त्याचं काम. पुढे वजनकाटा आला, पायली गेली, पण त्याची मोजणी तीच राहिली. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. आणि दुसरं माप पडेपर्यंत पहिलं तोंडातून सोडत नाही, “लाभ लाभ लाभ” असं घोळवत राहतो, नाहीतर आकडा हरवतो. रास संपली की शेवटी पुन्हा एकदा लाभ. लग्न होऊन आलेल्या प्रमिलाबाईंनी पहिल्याच आठवड्यात भाकरी मोजताना एक म्हटलं, तेव्हा झुलालने हातातला घास खाली ठेवला होता.

“एक म्हनू नको. रास एकली पडस.”

तेव्हापासून त्या घरात एक हा आकडा नव्हता. भाकरी लाभ, कपडे लाभ. मुलाच्या शाळेत गणिताच्या मास्तरांनी बोलावून घेतलं, तरी नव्हता.

बाईंनी बांधलेली चाल म्हणजे ही मोजणीच. बारा आवाज. पहिल्या आवाजाने खालच्या सुरात ‘लाभ’ म्हणायचं आणि सोडायचं नाही, घोळवत राहायचं. त्यावर दुसरीने ‘दोन’ टाकायचा, त्यावर तिसरीने ‘तीन’. मधे सगळ्यांनी मिळून म्हणायची चार साधी कडवी, पेरणी, कापणी, खळं, बाजार. शेवटी बाराच्या बारा आवाजांची रास होते, सगळ्या घोळवत असतात, आणि मग एकेक गप्प होत खाली उतरते. उरतो तो पहिला लाभ. तोही थांबतो.

पहिला आवाज बाईंचा स्वतःचा. लाभ घरच्या माणसाचाच असतो, त्यात त्यांना विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

अकरा मुली जमल्या. पेटीवर बसली रईसा. तिचे वडील हबीबभाई पेट्या दुरुस्त करायचे, त्यामुळे घरात कायम दुसऱ्यांच्या पाच-सहा पेट्या. दुरुस्त झालेली पेटी वाजवून बघायचं काम लहानपणापासून रईसाकडे. त्यातून तिचा हात असा बसला की गुरुजीसुद्धा तिच्यासमोर जपून वाजवत. बाईंना पेटीतलं काही येत नव्हतं. एकदा रईसा तापाने आली नाही, तेव्हा पेटीशिवाय तालीम करून पाहिली. सातव्या आवाजापर्यंत मुली हळूहळू वर चढल्या आणि दहावीचा आवाज फाटला.

“अक्का, ही ज्वारीची रास म्हणायची की जिना?” बेबी म्हणाली. बेबी म्हणजे नववा आवाज. संघात एक तरी अशी असतेच.

“तू गा. जिना चढून खाली पडशील तेव्हा धरायला आहे मी.”

“त्यापेक्षा चहा करा ना. घसा बसला.”

“आत्ताच झाला!”

“तो पहिला होता. म्हणजे लाभ. मोजणीत नाही तो.”

बाई हसत आत गेल्या. त्यांनी डझनभर कपबशा नव्या आणल्या होत्या आणि शेजारच्या भिकुबाईंकडून आणखी एक कप मागून घेतला होता. तेरावा कप भिकुबाईंनी परत मागितला नाही आणि बाईंनी दिला नाही. सव्वासहाला मुली गेल्या की बाई कप विसळायला घ्यायच्या आणि मुद्दाम सावकाश विसळायच्या. मुलींचा दोन तासांचा आवाज विसळताना आणखी अर्धा तास पुरायचा.

आता चुकीकडे येऊ. अर्जावर ‘गायकसंख्या’ असा रकाना होता आणि पत्रकात पाचवा नियम होता. ‘संघात किमान बारा गायक असावेत. संगीतकार व वादक गायकांत मोजले जाणार नाहीत.’ बाईंनी तो नियम दोनदा वाचला. मग ओळीत बसलेल्या मुलींपुढे उभं राहून त्यांनी स्वतःच्या छातीला हात लावला, “लाभ,” आणि मग बोट फिरवलं, “दोन, तीन, चार…” बेबीवर नऊ आले, टोकाच्या मुलीवर बारा. रईसा वादक, तिच्यावर बोट गेलंच नाही. बाईंनी रकान्यात बारा लिहिलं. नियम पुन्हा पाहिला. संगीतकार मोजायचा नाही? नाहीच मोजला. बारा तर दोनपासून बारापर्यंत झाले, आपण लाभ. झुलालने वर्षानुवर्षं मोजलेल्या राशींत अशी एकही चूक नव्हती, कारण पायलीला कोणी संगीतकार म्हणून बाजूला काढत नाही.

जानेवारीच्या अठराला, रविवारी, पहाटेच्या एस.टी.ने सगळ्या निघाल्या. पारोळ्याला भजी खाल्ली, एरंडोलपर्यंत बेबीला मळमळलं. जळगावच्या सभागृहाबाहेर टेबल टाकून जीवराम नाना बसले होते. निवृत्त मास्तर, आवाज ताडून बघावा तसा माणूस ताडून बघणारे.

“संगीतकार कोण?”

“मी.”

नानांनी चष्मा वर केला. “विद्यार्थी-संगीतकारांची आहे ही स्पर्धा, अक्का.”

“विद्यार्थीच आहे. हा दाखला. वयाचं पत्रकात काही लिहिलेलं नाही.”

नानांनी पत्रक पाहिलं, उलटून पाहिलं. “राहिलंय खरं. पुढच्या वर्षी घालू.” मग ते उठून मुली मोजायला लागले. एक, दोन, तीन, असे, सगळी शाळा मोजते तसे. अकराला थांबले. पुन्हा मोजल्या. “बारावी?”

“मी,” बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं. चेहऱ्यावरून मुलींनाही कळलं.

“तुम्ही संगीतकार. पाचवा नियम. आणि पेटीवाली वादक.” नाना वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटलं. “असं करा, पेटी राहू द्या. ही मुलगी गाण्यात उभी करा. पेटी हवीच असा काही नियम नाही.”

रईसा लगेच उठली. “मी उभी राहते, अक्का.”

“आणि सातव्यापासून जिना,” बेबी हळूच म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही.

बाई व्हरांड्याच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं मोजणं चालू होतं. पेटी काढली तर नंबर जातो. नंबर गेला तर आज संध्याकाळी एस.टी. धुळ्याला पोचेल, मुली स्टँडवरून आपापल्या गल्लीला जातील, आणि उद्या चार वाजतील. पण संगीतकार आणि पेटीवाली एकच असली तर? मग दोन माणसं न मोजण्याऐवजी एकच मोजायचं नाही. आपण सुटतो, ओळीत उभ्या राहतो, अकरा आणि आपण बारा. स्टेजवर काही बदलत नाही. लाभ आपणच म्हणायचा, पेटी रईसानेच वाजवायची. बदलतो तो फक्त कागद. नाव जातं आणि दहा आठवडे राहतात. त्यांना सौदा स्वस्त वाटला. खरं सांगायचं तर तिथे उभा असता तर झुलालही हो म्हणाला असता.

“नाना, माझं चुकलं. संगीतकार ही. रईसा. मी नुसती गायला आहे.”

नानांनी बाईंकडे पाहिलं, मग रईसाकडे. “मघाशी तर तुम्ही…”

“मघाशी घाबरले होते. म्हाताऱ्या बाईचं कुठे मनावर घेता.”

“अक्का, नाही!” रईसा म्हणाली.

“पूर्ण नाव सांग त्यांना.” बाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला. “सांग लवकर, मागे पुरी रांग उभी शे.”

गाणं चांगलं झालं. बाईंचा लाभ खालून असा लागला की सभागृहातलं खुसफुसणं थांबलं. सातव्याला कोणी चढलं नाही. शेवटी एकेक आवाज उतरत गेला, बाईंचा तेवढा उरला आणि थांबला, तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत. परीक्षकांतले एक जण म्हणाले, ‘या लहान वयात ही समज!’ आणि त्यांनी रईसाच्या डोक्यावर हात ठेवला. रईसाने मान खाली घातली. परीक्षकांना तो विनय वाटला.

पहिला नंबर. परतीच्या एस.टी.त बाईंनी मार्चअखेरपर्यंतचे आठवडे बोटांवर मोजले, लाभपासून.

मंगळवारी चारला कोणी आलं नाही. साडेचारला तोताराम गुरुजी आले. ते या घरात पहिल्यांदाच येत होते. बाईंनी चहा केला.

“प्रमिलाबाई, आता पुणं म्हणजे गंमत नाही.”

“गंमत मी तरी कुठे करत होते?”

“तसं नाही हो. तालीम आता वर्गातच घेतो. चारची बॅच सकाळी ढकलली.”

अडीच महिने न हललेली बॅच एका ढालीने हलली होती. बाई म्हणाल्या, “बरं. मी चारला येते.”

गुरुजींनी बशीत चहा ओतला आणि बशीकडेच बघून बोलले. “तुमच्या जिवाला त्रास कशाला? माझी भाची आली आहे मनमाडहून, ती बारावी होईल. पुण्याला जायचं, प्रवास, थंडी…”

“मार्चमध्ये?”

“पुण्याला असते. आणि तो तुमचा लाभ. पुण्यात कोणाला कळणार? म्हणतील, हे दिवाळीतलं मधेच काय. तिथे ‘एक’ करतो. एक, दोन, तीन. सरळ मोजणी.”

“एक म्हणत नाहीत.”

“कोण म्हणत नाही?”

याला उत्तर होतं, पण न म्हणणारा माणूस तीन वर्षांपूर्वी गेला होता. बाई म्हणाल्या, “चालच तशी आहे, गुरुजी.”

“चाल रईसाची आहे,” गुरुजी म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, “कागदावर आहे ते आहे, प्रमिलाबाई. आता त्याला हात लावला तर सगळ्यांचंच जाईल.”

ते सगळं जाणून होते आणि बाईंना काय बोलता येणार नाही तेही जाणून होते. चहा चांगला झाल्याचं सांगून ते गेले.

गुरुवारी रईसा आली, ओढणीखाली ढाल घेऊन.

“ही तुम्ही ठेवा, अक्का. मी जळगावला पत्र लिहिते. खरं काय ते सांगते.”

“लिही. मग अकरा जणींना घरोघर जाऊन तूच सांग, पुणं रद्द झालं म्हणून. बेबीने नवी चप्पल घेतली आहे पुण्यासाठी. तिच्याकडे शेवटी जा, पायातली काढून मारेल.”

रईसा हसली नाही. “अब्बांनी गल्लीत पेढे वाटले. म्हणतात, उभा जन्म मी दुसऱ्यांच्या पेट्या दुरुस्त केल्या, माझ्या पोरीने चाल बांधली. मला विचारतात, तुला हे सुचलं कसं? मी काय सांगू?”

“सांग, एका मापाड्याकडून शिकले. खोटं नाही ते.”

“गुरुजींना मी म्हटलं, लाभच ठेवा. ते म्हणाले, तू संगीतकार कागदावरची.”

“त्यांना बरं दोन्हीकडून बोलता येतं,” बाई म्हणाल्या. “ढाल घेऊन जा. अब्बांना भिंतीवर लावू दे.”

रईसा त्यानंतर दोनदा आली. मग परीक्षेचं निमित्त झालं. ज्याच्या घरून आपण काही उचललं, त्याच्या घरी चहा प्यायला जड जातं. उचललेलं त्यानेच आपल्या हाताने दिलेलं असलं तर आणखीच जड जातं. बाईंनी तिला बोलावणं पाठवलं नाही. बारा कप धुऊन, पालथे घालून फळीवर ठेवले. भिकुबाईंचा परत केला.

“घे की अजून,” भिकुबाई म्हणाल्या, “मला कुठे लागतो?”

“मलाही नाही लागत.”

पुण्याला तिसरा नंबर आला. एप्रिलमधल्या एका रविवारी ते गाणं रेडिओवर लागणार असल्याचं बेबीने रस्त्यात भेटून सांगितलं. “ऐका बरं का अक्का, नववा आवाज माझा!” आणि ती घाईत होती म्हणून गेली.

बाईंनी चहाचा कप घेऊन रेडिओ लावला. ‘संगीत, रईसा हबीब,’ असं निवेदिका म्हणाली, नाव अगदी बरोबर. मग पहिला आवाज लागला. कोवळा, स्वच्छ, सुरात. “एक.” बाईंचा हात कपावरच राहिला. पुढे त्यांनी नीट ऐकलं, मापाड्याच्या बायकोने ऐकावं तसं, एकही माप न सोडता. सातव्याला कोणी चढलं नाही, पेटीने सगळ्यांना धरून ठेवलं होतं. नववीचा आवाज किंचित पुढे धावला, तेव्हा त्या स्वतःशीच “हळू गं” म्हणाल्या. रास झाली. मग बारावी गप्प झाली, अकरावी झाली, एकेक उतरत शेवटी पहिला आवाज तेवढा राहिला, आणि त्याच्याजवळ एकच शब्द होता. तो म्हणून तोही थांबला. लगेच खतांची जाहिरात लागली.

आता कोणाला काय मिळालं ते बघू. गुरुजींच्या वर्गाला जूनमध्ये नऊ नवे विद्यार्थी मिळाले. हबीबभाईंच्या दुकानात ढाल लागली, आणि वर्षाने ती परत गेली तरी खिळा तसाच ठेवला गेला. बेबीने पुणं पाहिलं. मनमाडच्या भाचीला पहिला आवाज मिळाला. जळगावच्या सभेने पुढच्या वर्षीच्या पत्रकात वयाची अट घातली. रईसाला नाव मिळालं, आणि त्याचं काय करायचं हे तिला कळलं नाही, म्हणजे तिचं खातं जेमतेम बरोबरीत सुटलं. झुलालचा शब्द गेला, पण गेलेल्या माणसाला यात धरत नाहीत.

राहिली ती ज्यांच्या पदरचं गेलं त्यांची मोजणी. ती पटकन होते. फक्त झुलालच्या रीतीने करता येत नाही, कारण इथे पहिल्याला लाभ म्हणायला तोंड होत नाही, आणि पहिल्याच्या पुढे कोणी नाही.

एक.